शोभेच्या केळीला देव पावला

जोतीरामतात्यांनी पेठ वडगावच्या रोपवाटिकेतून शोभेच्या केळीची चार रोपं आणली आणि गल्लीतली सगळी पूजाअर्चा आपल्या मागं लावून घेतली. पानांवर लाल शिंतोडे, देठ लालबुंद. तात्या रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत. स्वतःचा चष्मा पुसायला मात्र त्यांना सवड नसे.

पहिला आला शेजारचा कृष्णात. "तात्या, उद्या सत्यनारायण हाय. चौरंगाला चार खांब लागत्यात. तुमच्याकडं चारच हैत की."

देवाच्या कामाला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"ही विलायती हाय. देवाला चालत न्हाय," त्यांनी ठोकून दिलं.

"मग आता मी खांब कुठं हुडकू?"

"मी आणतो की."

मुरगूडच्या मेहुण्याच्या मळ्यातून तात्यांनी स्कूटरवर खांब आणून दिले. झालं, बातमी फुटली! मग दानम्मांच्या दारातला मांडव, मग कुणाची वास्तुशांत. त्यांनी जरा आढेवेढे घेतले की माणूस कुंपणातल्या केळीकडं बघायचा आणि तात्या स्कूटरची किल्ली शोधायचे. कंबर कामातून गेली, पण केळी पुरुषभर उंच झाल्या. तात्या खुशीत होते.

एका शनिवारी खांब पोचवून ते घरी आले, तर दारात चपलांचा ढीग आणि कुंपणाशी नुसते चार बुंधे. आत चौरंगाच्या चारी कोपऱ्यांवर लाल शिंतोड्यांची पानं डुलत होती.

"शालू, ह्ये काय केलंस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"नवस फेडला," शालूबाई शांतपणे म्हणाल्या. "उन्हाळ्यात केळी वाळाय लागल्या, तवा तुमी जेवंना झालता. मी बोलले, ह्यांची केळ जगू दे, सत्यनारायण घालीन."

"मग मला सांगायचं. मुरगूडचं खांब आणलं असतं."

"ह्या केळीचा नवस दुसऱ्या केळीवर कसा फिटंल? आन् तुमी घरात असता तर तोडू दिली असती व्हय?"

कप्पाळ! तात्या हातपाय धुऊन पाटावर बसले. शिरा मात्र फक्कड झाला होता, त्यांनी दोनदा मागून घेतला.

पंधरा दिवसांत एकेका बुंध्याशेजारी तीन-तीन लाल कोंब फुटले. हरखलेल्या तात्यांनी बायकोला हाक मारली. शालूबाईंनी कोंब बघितले, डोळे मिटले आणि हात जोडले.

त्यांचे ओठ हलायच्या आत तात्यांनी ते दोन्ही हात धरले.

"काय बी बोलू नगंस," ते काकुळतीनं म्हणाले. "मी पाणी घालतो."