पलंगावरची वाइन

मे महिन्यात सर्वेश डब्लिनला परत गेला, तेव्हा नाशिकच्या वाइनची एक बाटली मुलुंडच्या घरी ठेवून गेला. "डिसेंबरात आलो की दोघं मिळून उघडू, बाबा. नीट ठेव."

नीट म्हणजे कशी, हे दत्तारामने पुढच्या रविवारी फोनवर विचारलं. एरवी बापलेकांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'गोळ्या घेतोस ना' एवढ्यावर संपायचं. त्या दिवशी अठरा मिनिटं चाललं. बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. उजेड नको, उकाडा नको, हादरे नकोत. दत्तारामने सगळं लिहून घेतलं आणि उरलेले प्रश्न पुढच्या रविवारसाठी राखून ठेवले.

फ्रिज थरथरायचा. कपाट तापायचं. शेवटी बाटली बेडरूममध्ये पलंगावर गेली, बायको गेल्यापासून रिकाम्या असलेल्या बाजूला. खिडकीला जाड चादर, एसी दिवसभर चालू. आणि बाटलीला धक्का लागू नये म्हणून ऐन ऑक्टोबरात दत्ताराम हॉलमध्ये पंख्याखाली घामाघूम.

शेजारच्या शकूने हे हेरलं. "भाऊ, तुम्ही बाहेर नि एसी आत? कोण आहे आत?"

"हळू बोल गं. सर्वेशची आहे. डिसेंबरपर्यंत सांभाळायचीय."

"मग दिसली कशी नाही कधी?"

"उजेड सोसत नाही तिला. आडवीच असते."

शकू तडक सोसायटीच्या सेक्रेटरीला, धम्मपालला, घेऊन आली. "सर्वेशने गुपचूप लग्न केलंय आणि पोरगी आत आजारी पडलीय!" दत्ताराम नको नको म्हणेपर्यंत धम्मपाल अंधारात घुसला, त्याची नडगी पलंगावर आपटली आणि खळ्ळकन आवाज झाला. दिवा लावला तर फरशी लालभडक.

"रक्त!" शकू किंचाळली.

"वाइन आहे," म्हणत दत्ताराम मटकन खाली बसला.

"सॉरी काका. अगदी अशीच आणून देतो," धम्मपाल नडगी चोळत म्हणाला.

"नको रे. नव्या बाटलीबद्दल सर्वेशला काय विचारणार?"

दोघांना काही कळलं नाही. शकूने काचा गोळा केल्या. ती दोघं गेल्यावर दत्तारामने रविवारची वाट न बघता फोन लावला.

"फुटली रे. वाट लागली."

"जाऊ दे बाबा. तिला बूच नव्हतंच. फिरवायचं झाकण होतं. उभी ठेवली असती तरी चाललं असतं."

"तुला माहीत होतं?"

"जूनमध्ये तू व्हिडिओवर दाखवलीस ना, तेव्हाच दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू किती प्रश्न विचारायचास, बाबा. इथे मला कोण काय विचारतं?"

दत्तारामने डोळे पुसले. आता फोन ठेवायची वेळ येणार, हे त्याला कळलं. त्याने घाईघाईने स्वयंपाकघरात नजर फिरवली.

"बरं, बटाटे कुठे ठेवतोस तू?"

"सिंकखाली. का, बाबा?"

"कांद्यांबरोबर?"

"हो... नाही ठेवायचे?"

"अरे देवा," दत्ताराम म्हणाला. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.