आधी मास्क की आधी पंख

लेकीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि तो कसा मोडला याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढत नव्हतं. परगावच्या नोकरीवर रुजू व्हायला निघालेली मुलगी, माळ्यावरची बॅग काढायला डुगडुगत्या स्टुलावर चढली आणि पडली. त्या स्टुलावर वडिलांनी कधीचाच कागद चिकटवून ठेवला होता : 'यावर उभे राहू नये.' वडील एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कामगार त्यांना पाठीमागे 'सावधान साहेब' म्हणत. लेक पडली तेव्हा त्यांनी तो कागद वाचून दाखवला नाही. एवढा संयम त्यांनी आयुष्यात कधी पाळला नव्हता.

तसंही दोघांचं बोलणं हल्ली कामापुरतंच उरलं होतं. वडिलांनी कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तिने मात्र अजून धड पाटीही न लागलेली एक नवी कंपनी पसंत केली. "नीट विचार केलायस ना?" त्यांनी विचारलं होतं. "केलाय," ती म्हणाली होती. त्यावर दोघांनीही विषय वाढवला नव्हता.

त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने हॉलमधून "बाबा, जरा येता का?" अशी हाक मारली, तेव्हा ते दाढी अर्धी टाकून आले.

टीव्हीवर तिचा व्हिडिओ गेम चालू होता. निळ्या पोशाखातला एक हिरो धूर ओकणाऱ्या कारखान्यासमोर उभा होता. त्याला नवी साधनं मिळवून द्यायची होती. तिने कित्येक महिने खपून गुण जमवले होते, पण ते तीनच साधनांना पुरणार होते. आणि एका हाताने तिला गेम खेळायचं ते बटणांचं यंत्र धरता येत नव्हतं.

"मी सांगते ते फक्त दाबा," ती म्हणाली. "आधी पंख. मग विजेचे हातमोजे. मग दोर."

वडिलांनी चष्मा लावला. "पंख उघडले नाहीत तर?"

"उघडतात, बाबा. गेम आहे."

"कारखान्यात धूर आहे. हा माणूस आत जाणार. तोंडावर साधा रुमालही नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नव्या कंपनीतून होता. "पंखांवर जाऊन दाबा, मी आलेच," म्हणत ती गॅलरीत गेली.

वडिलांनी पंखांची माहिती वाचली. मग, न्यायाने वागायचं म्हणून, सगळ्याच साधनांची माहिती वाचली. त्यात धूर गाळणारा मास्क होता, न घसरणारे बूट होते आणि सहजासहजी न फुटणारं चिलखत होतं. ही तीन साधनं पडून असताना एखादा शहाणा माणूस पाठीला पंख कशाला लावून घेईल, हे त्यांना कळेना. आपण तिच्या भल्याचंच करतो आहोत याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी मास्क घेतला, बूट घेतले, चिलखत घेतलं. 'नक्की का?' असं पडद्याने विचारलं. त्यांनी होय म्हटलं.

लेक परत आली तेव्हा कारखान्याचं दार आपोआप उघडून हिरो आत शिरला होता आणि त्याच्या मागे दार बंद झालं होतं.

ती पडद्याकडे बघत राहिली. "हे काय केलंत?"

"मूलभूत गरजा," वडील म्हणाले.

आत एक दुष्ट शास्त्रज्ञ उंच मचाणावर उभा होता. त्याने विषारी वायू सोडला. मास्कमुळे हिरोला काही झालं नाही. शास्त्रज्ञाने जमिनीवर तेल ओतलं. हिरो घसरला नाही. त्याने वरून पिंपं फेकली. चिलखतावर नुसते पोचे आले. वडिलांनी समाधानाने मान हलवली.

"आता त्याला मारायचं कसं?" लेकीने शांतपणे विचारलं.

मचाणाला जिना नव्हता. वर जायला पंख हवे होते, नाहीतर दोर, आणि वर पोचल्यावर हातमोजे. हिरोला कोणी मारू शकत नव्हतं आणि हिरो कोणाला मारू शकत नव्हता.

"मग बंद करून टाकू."

"मध्येच सोडलं तर सगळे गुण जातात. तसं लिहिलंय. आणि नुसता उभा ठेवला तर पिंपांनी चिलखत फुटेल. त्याला हलवत राहावं लागणार."

वडिलांच्या गालावरचा फेस वाळला होता. त्यांनी यंत्र घट्ट धरलं. "हलवतो," ते म्हणाले.

त्यांनी हिरोला डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. बायको डोकावली तेव्हा त्यांचे अंगठे ठणकायला लागले होते. ती कोर्टात टायपिस्ट होती. "अहो, द्या इकडे, तोंड तरी धुऊन या," म्हणत तिने यंत्र हातात घेतलं, आणि एखादं निकालपत्र उतरवावं तशी पडद्याकडे बघत, बटणांकडे न बघता, पिंपं चुकवू लागली. पण गॅसवर कुकर होता. शिट्ट्या झाल्या तसं यंत्र पुन्हा वडिलांकडे आलं.

दुपारी लेकीचा मोडलेला हात बघायला मामा आला. बिचारा शहाळी घेऊन आला होता. ती खाली ठेवायच्या आत त्याला सोफ्यावर बसवून काम समजावून सांगण्यात आलं.

"पण जिंकायचं कधी?" मामाने विचारलं.

"जिंकायचं नाहीये," बायको ताटं घेत म्हणाली. "हरायचं नाही, एवढंच."

"म्हणजे माझ्या ऑफिससारखंच," मामा म्हणाला, आणि निमूट खेळू लागला. सगळे आळीपाळीने जेवले. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. घरात कोणीतरी आजारी असावं आणि त्याच्या उशाशी बसावं तसं सगळे त्या टीव्हीपाशी बसले होते. मामा निघाला तेव्हा लेकीच्या हाताची चौकशी करायची राहूनच गेली.

संध्याकाळ झाली. वडिलांच्या उजव्या अंगठ्याला फोड आला, डावा हलेना. ते कोणाला काही बोलले नाहीत, पण हिरो सारखा भिंतीला धडकू लागला. लेक सरकून त्यांच्या शेजारी बसली. तिने आपला धड असलेला डावा हात यंत्राच्या डाव्या बाजूला लावला.

"चालवायचं काम माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "तुम्ही फक्त उडी मारा. मी सांगेन तेव्हा."

दोघांच्या मिळून दोन हातांवर हिरो पुन्हा सरळ चालू लागला. ती "आता" म्हणे, ते दाबत. बऱ्याच दिवसांत ते असे खांद्याला खांदा लावून बसले नव्हते.

"सकाळचा फोन त्या कंपनीचा होता?" वडिलांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"हो. हात बरा झाल्यावर या म्हणाले. आता."

त्यांनी दाबलं. "राहायची सोय?"

"झालीये. तिसऱ्या मजल्यावर खोली."

"जिना एकच आहे का इमारतीला?"

"बाबा."

"सहज विचारतो."

"दोन आहेत," ती म्हणाली. "खोली बघायला गेले तेव्हा आधी तेच बघितलं. मागचा जिना थेट बाहेर उघडतो. कुलूप नसतं."

वडील एकदम तिच्याकडे वळले. ती पडद्याकडेच बघत होती. त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

"आता," ती म्हणाली. "बाबा, आता."

त्यांनी दाबलं नाही. पिंप नेमकं डोक्यावर आलं. चिलखताच्या ठिकऱ्या उडाल्या आणि हिरो आडवा झाला.

बायको पोळपाट सोडून दारात येऊन उभी राहिली. मुलीच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांवर आपण एका दिवसात पाणी फिरवलं, हे वडिलांना कारखान्यातल्या कोणत्याही अपघाताहून जड वाटत होतं.

पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली : 'तुम्ही हरलात. सर्व गुण परत मिळाले आहेत. साधने पुन्हा निवडा.'

बायकोने ते दोनदा वाचलं. "म्हणजे सकाळीच हरलो असतो तर?"

"मला माहीत नव्हतं," लेक हळूच म्हणाली. "मी आजवर कधी हरलेच नव्हते."

बायको पोळ्या लाटायला गेली. आतून लाटण्याचा आवाज बराच वेळ जरा जोरातच येत होता.

सगळी साधनं पुन्हा पडद्यावर ओळीने मांडली गेली. वडिलांनी यंत्र मांडीवर ठेवलं. "तू सांग," ते म्हणाले. "तू म्हणशील तेच दाबतो. वाचणारसुद्धा नाही."

लेकीने विचार केला. "मास्क."

"मास्क?"

"धूर खरंच वाईट होता, बाबा. तुमचं बरोबर होतं. आधी श्वास, बाकीचं मग."

एवढं ऐकायला त्यांनी किती वर्षं वाट पाहिली असेल. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. त्यांनी घसा खाकरला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मास्क चांगलाच आहे," ते म्हणाले. "त्याबद्दल वाद नाही. पण मी दिवसभर त्या माणसाकडे खालून बघतोय. म्हणजे, वर जायचं म्हटलं तर…"

लेकीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"पंख उघडले नाहीत तर?" तिने गंभीरपणे विचारलं.

"उघडतील," सावधान साहेब म्हणाले. त्यांचा फोड आलेला अंगठा केव्हाच बटणावर जाऊन बसला होता.