पोटॅशियमची पुडी आणि मी

परदेशात सहलीला जाऊन आजारी पडणारी माणसं मला मुळातच बावळट वाटतात. एवढा समुद्र ओलांडून जायचं, आणि बघायचं काय? तर हॉटेलच्या संडासातल्या फरशा! आमचे हेडक्लार्क गेल्या वर्षी सहकुटुंब जाऊन आले. फोटो दाखवले बारा, त्यातले नऊ दवाखान्यातले! आणि वर तोंड करून सांगतात, "मजा आली!"

मी त्यातला नव्हे. मी नियम करून निघालो. बर्फ नाही, गाडीवरचं खाणं नाही, दर दोन तासांनी हात धुणे, आणि फळं फक्त पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवून! चिमूटभर टाकलं की पाणी जांभळं आणि जंतू खलास. ती पुडी मी मुलीच्या बारशाच्या अंगठीपेक्षा जपून आणली होती.

नियम मी विमानातच वाचून दाखवले. बायकोने खिडकीकडे तोंड केलं. कॉलेजातल्या मुलीने कानात इअरफोनची बोंडं घातली. सासरे मात्र ऐकत होते. ते निवृत्त पीटी मास्तर. वय बहात्तर, दात स्वतःचे आणि जीभ मोकाट.

"जावईबापू," ते म्हणाले, "ही सहल आहे की शस्त्रक्रिया?"

अडाण्यांशी काय बोलायचं! पहिल्याच संध्याकाळी हा गृहस्थ कोपऱ्यावरच्या गाडीसमोर उभा राहून तळलेलं काहीतरी खात होता. काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं! "उद्या बघ," मी बायकोला म्हणालो, "तुझे बाबा आडवे होणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उभे होते. इतकंच नव्हे, खोलीत उठाबशा काढत होते!

त्या दिवशी दहा वाजता बोटीची सफर होती. तिघं खाली नाश्त्याला गेली. मी म्हटलं, बोटीवर यांना निर्मळ फळं तरी खाऊ घालू. बेसिनला बूच लावलं, द्राक्षं टाकली, पुडी उघडली. चिमूट टाकायला गेलो आणि निम्मी पुडी पडली! पाणी जांभळं सोडून काळंलाल झालं. हात घालून द्राक्षं ढवळली, बोटं कोपरापर्यंत... म्हणजे हात कोपरापर्यंत तपकिरी! पांढऱ्याशुभ्र टॉवेलला पुसले, तर टॉवेल खाटकाच्या फडक्यासारखा! चव बघायला आठदहा द्राक्षं तोंडात टाकली, तर ओठही रंगले.

तेवढ्यात सफाईवाल्या बाई दार ढकलून आत आल्या. त्यांनी आधी टॉवेल पाहिला, मग बेसिन, मग मला. आता त्यांना माझी भाषा येईना, मला त्यांची. पण मी काय हेडक्लार्क आहे गोंधळून जायला? शांतपणे मोबाइल काढला, भाषांतराचं बटण दाबलं आणि स्पष्ट मराठीत बोललो,

"घाबरू नका बाई. मी सगळ्यांना मारलंय. एकही जिवंत सोडला नाही. आता पाण्यात बुडवून ठेवलंय. थोड्या वेळाने घरच्यांना खायला घालणार!"

मोबाइल त्यांच्या भाषेत गोड आवाजात हे बोलला. बाईंनी अशी किंकाळी फोडली की मजल्यावरची सगळी दारं उघडली! पाच मिनिटांत मॅनेजर, दंडुकेवाला पहारेकरी आणि हॉटेलचा डॉक्टर हजर. पहारेकऱ्याने मला भिंतीला टेकवलं. मॅनेजर कपाटात, पलंगाखाली, पडद्यामागे प्रेतं शोधू लागला.

तेवढ्यात आमची मंडळी वर आली. मॅनेजरने एकेकाला बोट लावून मोजलं. एक, दोन, तीन. सगळी जिवंत! तो मटकन खुर्चीत बसला.

"बाबा, काय केलंत?" मुलगी ओरडली. तिने इंग्रजीत डॉक्टरला सगळं समजावलं. जंतू, द्राक्षं, पुडी. डॉक्टर हसला, मॅनेजर हसला, पहारेकऱ्याने दंडुका खाली केला. मामला मिटला होता हो! पण भीतीने म्हणा, द्राक्षांनी म्हणा, मी मॅनेजरच्या चकचकीत बुटांवर ओकलो.

डॉक्टरचं हसू मावळलं. "चोवीस तास निरीक्षणाखाली," तो म्हणाला. "तळमजल्यावरच्या खोलीत. एकटे. फक्त बिनमिठाचं सूप."

"आणि आम्ही?" बायकोने मुलीकरवी विचारलं.

"तुम्हाला काय झालंय? फिरा!"

मला वाटलं, आता बायको डोळ्यांत पाणी आणून 'मी यांना सोडून जाणार नाही' म्हणेल. ती घड्याळ बघून म्हणाली, "अगं बाई, पावणेदहा! चला, बोट सुटेल!"

दिवसभर मी पांढऱ्या भिंतींकडे बघत सूप प्यायलो. संध्याकाळी खिडकीतून तिघं परत येताना दिसली. उन्हाने तांबूस, हातात बर्फाचे गोळे, सासरे काहीतरी सांगताहेत आणि मायलेकी पोट धरून हसताहेत. इतकं खळखळून माझी बायको माझ्यासमोर कधी हसल्याचं मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरने नाडी पाहिली, जीभ पाहिली. तिघं दारात उभी होती, हातात नव्या सफरीची तिकिटं घेऊन.

"ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाला. "घेऊन जा."

मुलीने भाषांतर केलं. मी उठून चप्पल शोधू लागलो. बायकोने क्षणभर सासऱ्यांकडे पाहिलं, हातातली तीन तिकिटं मोजली, आणि काळजीच्या सुरात मुलीला म्हणाली,

"अगं, डॉक्टरांना विचार ना, यांना आणखी एक दिवस ठेवता येईल का? खात्री झालेली बरी!"