एकच हाक, दोन पाती

भोरच्या आबा डॉक्टरांनी मला वाचवलं, हे आधी लिहून ठेवतो. कशातून वाचवलं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. आबांनी समजावलं होतं, चांगलं सात-आठ वेळा. पण मी चौथीतून शाळा सोडलेला शिंपी, आणि आबा एके काळी मोठ्या कॉलेजात डॉक्टर होणाऱ्या पोरांना बेडकाचं हृदय चालवून दाखवणारे. नोकरी संपल्यावर ते भोरला येऊन राहिले आणि बेडूक त्यांच्या मागोमाग आले. उत्रोलीच्या भातखाचरांतून.

औषधाला कुणी आलं तर आबा औषध द्यायचे, पण घाईघाईनं. कारण मागच्या पडवीत, काचेच्या नळीत, कोमट मिठाच्या पाण्यात बकऱ्याच्या आतड्याचा बोटभर तुकडा टांगलेला असायचा. तो आपला आकसायचा, सैल पडायचा, परत आकसायचा. बकरं मेल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

"काय राव, आज चाल मंद?" आबा त्याला विचारायचे. रोग्यांना इतक्या मायेनं विचारलेलं मी ऐकलं नाही.

मी खानदेशातला. मशीन घेऊन इथं आलो आणि आबांच्या शेजारचा ओटा भाड्यानं घेतला. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. जुने दरबारी अंगरखे लोक उसवून आणायचे, "ह्याचा साधा सदरा करा," म्हणायचे. महागामोलाचं कापड, कात्री माझी, आणि ओळखीचं माणूस एक नाही. कुणी नुसतं "मास्तर, बाही आखूड झाली का हो?" म्हटलं की छातीत मशीन सुरू व्हायचं आणि पोटात दगड बसायचा. घास गिळवेना. दोन महिन्यांत माझेच सदरे मला सैल झाले. वर काही पळतंय आणि खाली काही थांबलंय. म्हणजे दुखणी दोन, आणि मी एकटा. मरायचंच तर आईजवळ मरू, असं ठरवून मशीन गोणपाटात बांधलं आणि आबांचा निरोप घ्यायला गेलो.

आबांनी मनगट धरलं. मग पोटाला ऐकायची नळी लावली.

"वर जत्रा, खाली सामसूम!" त्यांचा चेहरा लग्न जमल्यासारखा फुलला. "मास्तर, उद्याची एस्टी सोडा. मला पंप मारायला माणूस हवाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्ह्याकडचा धोंडिबा धनगर ताजं आतडं घेऊन आला आणि काय होतंय ते बघायला पडवीतच बसला. तुकडा जिवंत राहावा म्हणून मी सायकलच्या पंपानं नळीत हवा सोडत होतो. एका वाटीत बेडकाचं हृदय टुकटुक करत होतं, नळीत आतडं डुलत होतं. आबांनी एक कुपी फोडली.

"हा भ्यायचा रस. तुम्ही घाबरलात की तुमच्या अंगातही हाच सुटतो." आणि दोन्हीकडे एकेक थेंब टाकला.

हृदय उधळलं. आतडं लुळं पडून लोंबायला लागलं.

"मेलं!" मी ओरडलो. माझ्या हातातला पंप सुटला. ते माझंच आतडं होतं, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती.

"पंप!" आबा खेकसले. "रस एकच, मास्तर. हाक कोण मारतंय ते विचारू नका, ऐकतंय कोण ते विचारा!"

"आवो डाक्टर, ह्यात काय नवल?" धोंडिबा म्हणाला. "म्या एकच शीळ घालतो. कुत्रं पळतंय, मेंढरं थांबत्यात."

आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता पाया पडतात. वहीत त्याचं वाक्य लिहून घेतलं. मग मला नवीन शास्त्र सांगितलं. रसाची हाक ऐकणाऱ्यांच्या दोन पाती असतात, घराण्याच्या शाखा असतात तशा. हाक आली की थोरल्या पातीचे आवळतात. त्यांतलं फक्त आतडं सैल पडतं. धाकट्या पातीचे सैल पडतात. त्यांतलं फक्त हृदय उधळतं.

"मग आतडं धाकट्या पातीत आणि हृदय थोरल्या पातीत घाला की," मी म्हणालो. "ज्याचं माप त्याला."

धोंडिबा हसला. "मास्तर, डाक्टरास्नी कपडं शिवाया लावताय का काय!"

आबा हसले नाहीत. "प्रत्येक घरात एक उलटा निघतोच," ते म्हणाले. "आमच्या घरचा मी."

मग त्यांनी नळीतलं रसाचं पाणी ओतून दिलं आणि नवीन कोमट पाणी भरलं. "थांबा आता." मी पंप मारत राहिलो. बराच वेळ काही होईना. आणि मग तो लोंबता तुकडा एकदा आकसला. परत सैल पडला. परत आकसला.

"मेलं नव्हतं," आबा हळूच म्हणाले. "गप्प बसलं होतं. तुमचंही तेवढंच झालंय."

धोंडिबा गेला. मी निघालो, तर आबा आत गेले आणि खणखणीत ओरडले, "पानं वाढलीत, चला!"

ही हाक मी दोन महिने ओट्यावरून रोज दुपारी ऐकत होतो. आबांचं बरंच गणगोत आत असावं, असं माझं मत होतं. डोकावलो. दोन ताटं मांडलेली. आत दुसरं कुणी नव्हतं.

"कुणाला हाक मारलीत, आबा?"

"आमची मंडळी गेल्याला सहा वर्षं झाली." ते ताटाकडे बघत होते. "हाक मारली नाही तर घास उतरत नाही. शास्त्र माहीत असून."

मी दाराबाहेर गेलो, चप्पल काढली आणि मोठ्यानं म्हणालो, "आलो!"

आबांनी दुसऱ्या ताटात भात वाढला. मी तो सगळा खाल्ला, आणि त्यांनीही. संध्याकाळी मशीनचं गोणपाट सोडलं.

पाती कुठली आणि उलटं कोण, यात मी अजून घोटाळा करतो. पण दुपारची हाक चुकवत नाही. माझी आई ओसरीवरून जेवायला हाक मारते तेव्हा अख्खी गल्ली वळून बघते, आणि घरात निदान नऊजण "आलो" म्हणतात. एक दिवस आबांना खानदेशात नेईन आणि त्या हाकेला त्यांनाही "आलो" म्हणायला लावीन.