गौतम गुरुजींचा रुसलेला कॉम्प्युटर

या लेकरांनो, अशी जवळ बसा. मोबाईलच्या काचेला जरा तडा गेला की नवा घ्यायला पळता, लाज कशी वाटत नाही? आमच्या तेलगावात गौतम गुरुजींसमोर असं करून बघा. ओसरीवर बसवतील, हातात पेचकस देतील अन् म्हणतील, "आधी खोल. दुखतंय कुठं ते तरी बघ!"

गुरुजी शाळेतून रिटायर झालेले, आमचे शेजारी; बायको शकू वारलेली. त्यांच्याकडं टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर आहे. पोरगा विजय शाळेत होता तेव्हाचा. आता विजयचीच पोरं कॉलेजात जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो बंद पडला. टीव्हीवर नुसता काळोख. कुणी भंगार म्हटलं की गुरुजी खवळायचे, "रुसलंय ते. मेलं न्हाई!"

विजय पुण्याहून आला. "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही एकटेच. हा डबा द्या टाकून, घराला कुलूप लावा अन् चला माझ्याकडं."

"पुढच्या रविवारी ये. हे चालू झालं तर मी इथंच ऱ्हाणार. न्हाई झालं तर म्हणशील तिथं येतो. मंजूर?"

"मंजूर," विजय हसला. त्याला वाटलं, जिंकलो.

मग काय! गुरुजींनी मीटर लावला, वायरी बदलल्या. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावं तसं एकेका चिपवर बोट ठेवून बघायचे. "ह्याला ताप न्हाई. ह्याला बी न्हाई." शनिवारी आतला बोर्ड स्पिरिटनं घासून धुतला अन् आणून ठेवला कुठं, तर माझ्या कुरडयांच्या बाजेवर, उन्हात! माझ्या सुनेला मुंग्या दिसल्या. तिनं बाजेच्या कडंनं हळद भुरभुरली अन् दोन चिमटी बोर्डावर बी.

"अगं माय, हळद लावलीस व्हय?" गुरुजी ओरडले. "आता नवरी बी तूच शोध ह्याला!"

रागारागानं पुसायला बसले अन् एकदम वाकून बघू लागले. भिंग काढलं. सगळी हळद निघाली, पण एका सोल्डरच्या टाक्याभोवती बारीक पिवळं कडं तसंच राहिलं.

"तडा हाय गं! केसाएवढा! हळदीनं धरून दिला!"

टाका तापवून नव्यानं बसवला. टीव्ही उजळला.

रविवारी विजय आला, बघून म्हणाला, "पण बाबा..."

"पण बिण न्हाई. मंजूर म्हणला होतास!"

विजय एकटाच परत गेला.

संध्याकाळी मी आमटी घेऊन गेले. गुरुजी कीबोर्डवर टकटक करत होते. "बंद केलं की शिकवलेलं सगळं विसरतं हे. रोज प्रोग्राम नव्यानं लिहावा लागतो, मग बोलतं." टीव्हीवर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं, 'अहो, जेवलात का?' गुरुजींनी लिहिलं, 'न्हाई.' लगेच उत्तर, 'मग उठा आधी!' अन् परत तोच सवाल.

"हो म्हणेस्तोवर सोडत न्हाई," गुरुजी म्हणाले. "शकू बी सोडायची न्हाई."

मग माझ्याकडं न बघता उठले, ताट घेतलं. टोपलीत भाकऱ्या होत्या, दोघांना पुरतील एवढ्या. एकट्यापुरतं थापणं त्यांना अजून जमत नाही.

तर लेकरांनो, तेलगावात गुरुजींकडं लवकर या. जेवायच्या वेळेलाच या.