अप्पांना पडलेलं एक मत

"कृपया चष्मा काढा," फोनने पुन्हा सांगितले.

गुरुपादप्पांनी चष्मा काढला. लातूरच्या जुन्या वाचनालयाच्या निवडणुकीत यंदा फोनवरून मत द्यायचे होते. त्यासाठी सभासदांचे फोटो चष्म्याशिवाय घेतले होते, त्यामुळे चष्म्यातल्या गुरुपादप्पांना फोन ओळखायला तयार नव्हता. आता त्याने ओळखले, पण गुरुपादप्पांना उमेदवारांची नावे दिसेनात. त्यांनी अंदाजाने बोट टेकवले.

"आपले मत रामकिशन यांच्या नावे नोंदवले आहे. धन्यवाद," फोन म्हणाला.

रामकिशन म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र आणि या निवडणुकीतला एकमेव प्रतिस्पर्धी. वाचनालयाचा हॉल डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला भाड्याने द्यावा, असे रामकिशनचे म्हणणे. मग म्हाताऱ्यांनी पेपर वाचायला कुठे जायचे, एवढेच गुरुपादप्पांचे म्हणणे. त्यावरून दोघांचे बोलणे बंद झाले होते. सभेत कधी तोंड न उघडलेले गुरुपादप्पा केवळ त्या हॉलसाठी अध्यक्षपदाला उभे राहिले होते.

त्यांनी चिटणिसाला फोन लावला.

"हरिओम, मत बदलता येतं का रे?"

"न्हाई अप्पा. ब्लॉकचेन हाय ते. एकदा नोंद झाली की साखळीत अडकली. तिची नक्कल सगळीकडं जाती. एक पुसली तर बाकीच्या बोंबलत्यात."

"पण चुकून काही..."

"चूक बी कायमची राहती. लई पक्कं काम हाय. आन कुणी कुणाला दिलं ते ब्रह्मदेवाला बी कळत न्हाई. बिनघोर ऱ्हावा तुम्ही."

संध्याकाळी निकाल लागला. गुरुपादप्पांना एक मत. बाकी सगळी रामकिशनला.

त्यांची बायको लक्ष्मम्मा हिने चहा पुढे ठेवला. मग लोक समजूत घालायला येऊ लागले.

"अप्पा, ते मत माझं होतं बरं का," कापडदुकानवाले कानाशी लागून म्हणाले.

थोड्या वेळाने शेजारच्या नीलाबाई आल्या. "कुणाला सांगू नका, मीच दिलं तुम्हाला."

निवृत्त पोस्टमास्तरांनी तर गळ्याला हात लावून शपथ घेतली. गुरुपादप्पांनी सगळ्यांचे आभार मानले. क्लासने या सगळ्यांच्या नातवंडांना फीमध्ये सूट दिली होती, हे गल्लीला ठाऊक होते.

रात्री रामकिशन आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"बस की," गुरुपादप्पा म्हणाले.

"बसायला न्हाई आलो. तुला पडलेलं मत माझं हाय."

"तुझं?"

"त्या फोननं चष्मा काढायला लावला. मग काय दिसतंय? बोट तुझ्या नावावर गेलं." रामकिशन खाली बघत होता. "मग तुझं मत कुठं गेलं? मलाच दिलंस ना?"

गुरुपादप्पांनी रिकामा कप बशीत उगाच फिरवला.

"व्हय."

"मी तुझा हॉल घालवायला निघालो, आन तू मलाच? का रे?"

"माणूस चांगला हायस म्हणून."

"निकाल लागल्या लागल्या क्लासच्या करारावर सही झाली रे," रामकिशन कसाबसा म्हणाला. "आता मागं फिरता येत न्हाई." त्याने थोडा वेळ गुरुपादप्पांचा हात धरून ठेवला आणि उपरण्याने डोळे पुसत तो निघून गेला.

लक्ष्मम्मा आतल्या दारातून ऐकत होती. "तुमचं बी बोट चुकलं म्हणून का न्हाई सांगितलं?"

"त्याला एवढी मतं पडली, ती सगळी फीसाठी. त्याला बी ते कळतंय. एक तरी मनापासून पडलं असं वाटू दे."

"आन तुम्हाला?"

"मला बी पडलंच की एक," गुरुपादप्पा म्हणाले, आणि उद्यापासून घरी पेपर टाकायला सांगावे म्हणून पेपरवाल्याचा नंबर शोधू लागले.