वसंताच्या गाडीचे कडक लायनर

शेजाऱ्याच्या गाडीला कोणता ब्रेक बसवावा, यात चौथी शिकलेल्या बाईने पडू नये, हे मला कळते. (आता कळते.) पण त्या दिवशी चारुशीलाने स्वतःच मला हाक मारली. मी आपली त्यांच्या खिडकीखाली तुळशीला पाणी घालत उभी होते. (तुळस त्यांचीच होती.)

तिचा नवरा वसंत सरकारी कचेरीत कारकून. बोलायला गेले तर हो आणि नाही, एवढेच. वडिलांची जुनी फियाट त्याच्याकडे आली होती. वर्षभर ती गाडी दवाखाना, बाजार आणि सासुरवाडी करायची. वर्षातून दोनदा मात्र गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर हौशी लोक आपापल्या गाड्या पळवत, तिथे वसंत जायचा. त्या दोन दिवशी घरी येताना हा माणूस शीळ घालायचा. बाकीचे वर्ष त्याची शीळ कोणी ऐकली नाही. मीसुद्धा नाही, म्हणजे विचार करा.

चारुशीलाला सातवा महिना लागला होता. ती म्हणाली, "काकू, ब्रेकचे लायनर घासले. हे नवीन घ्यायले चालले. तुम्ही जा यांच्यासंगं. ब्रेक चांगला लागला, तर शर्यतीले जाऊ देईन. नाही तर धावपट्टी बंद. आता लेकरू येऊन राहिलं."

वसंत गाडीची काच पुसत राहिला. पुसलेलीच काच होती.

सुट्या भागांच्या दुकानात मालक ताराचंदने लायनरचे, म्हणजे चाकाला आतून दाबून धरणाऱ्या पट्ट्यांचे, दोन डबे उघडले. "हे नरम. शहरासाठी. पाय ठेवला की गाडी थांबली. पण शर्यतीत चकरा मारल्या की जळतात, मग धरत नाहीत. हे कडक. कितीही पळवा, जळत नाहीत. पण आधी तापले पाहिजेत. थंडे असले तर घसरतात."

"नरमच द्या," वसंत म्हणाला. "शर्यतीत मी हळू चालवीन. वर्षभर चारू बसते त्यात."

इथे मी गप्प बसायचे होते. पण गांधीबागेच्या कापडबाजारात मी जन्मभर कापड नखाने खरवडून घेतले आहे. नरम लायनर खरवडला, भुकटी निघाली. कडक खरवडला, नख तुटले.

"हे घे," मी म्हटले.

"काकू, ते तापावे लागतात."

"अगा, मे महिना आहे! नागपुरात आता थंड काय आहे ते सांग बरं मले. नळाचं पाणी चटके देते. दाराची कडी हाताने धरवत नाही. तुझे लायनर काय काश्मीरले राहतात?"

ताराचंद खो खो हसला. वसंत विचारात पडला. चुकीची गोष्ट ठाम आवाजात सांगितली की शिकलेला माणूससुद्धा विचारात पडतो. शिवाय त्याच्या मनात शर्यत होतीच. त्याने कडक घेतले.

लायनर बसवून गर्दीतून पावलोपावली ब्रेक लावत आम्ही घरी आलो. गाडी झकास थांबत होती. मी गल्लीभर सांगून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुशीलाला डॉक्टरीणबाईकडे न्यायचे होते. गाडी टिनाच्या शेडमध्ये. पोटुशी पोरगी तापल्या सीटवर कशी बसेल? म्हणून मी आमची वाळ्याची जुनी ताटी शेडला लावली आणि उठल्यापासून बादल्यांवर बादल्या शिंपडल्या. ताटीवर, टपावर, चाकांवर. गाडी अशी गार झाली की मलाच आत झोपावेसे वाटले.

ब्रेक पाहायला म्हणून मी पुढे वसंताशेजारी बसले. शेडपासून गल्ली जरा उताराची. चारुशीला ओट्यासमोर पिशवी घेऊन उभी. गाडी तिच्यापाशी आली आणि सावकाश पुढे निघून गेली.

"अहो, कुठं चालले?" ती ओरडली.

"थांबून राहिलो!" वसंत ओरडला. दोन्ही पाय त्याने ब्रेकवर दिले होते. हातब्रेकही ओढला, पण तोही त्याच गार लायनरवर.

"काकू, उतरा!"

"मी काहून उतरू? तू थांबव ना गा!"

पुढे आमचे घर. घरासमोर बाज. बाजेवर माझ्या वर्षभराच्या कुरडया. गाडीने बाजेला असे हळूच टेकले, जसा पाहुणा टेकतो. मग बाज मोडली.

लागले कोणालाच नाही. चारुशीला चालत आली. चेहरा पांढरा. "झालं. धावपट्टी बंद."

"हो," वसंत म्हणाला. खाली बसून कुरडयांचे तुकडे वेचू लागला. त्याने माझे नावही घेतले नाही. मला ते बघवेना. शिवाय एखादी गोष्ट पोटात ठेवणे मला कधी जमलेले नाही.

"अवं चारू, हा तर नरमच मागून राहिला होता! म्हणे, शर्यतीत हळू चालवीन, वर्षभर चारू बसते त्यात. म्याच कडक घ्यायले लावले."

चारुशीला त्याच्याकडे बघत राहिली. "असं म्हणाले तुम्ही? दुकानात? लोकांसमोर?"

"हो."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"काकू होत्या ना संगं," वसंत म्हणाला. "म्हटलं, तुले कळेलच."

ती हसायला लागली. पोट धरून हसली, मग डोळे पुसले, मग पदरात कुरडयांचा भुगा गोळा करत म्हणाली, "जा बापा शर्यतीले. घरी नरम ठेवा. कडक तिकडेच चढवा, तिकडेच उतरवा. आणि काकू, हा भुगा मी नेते. भाजी करते."

शर्यतीच्या दिवशी आम्ही सगळे धावपट्टीवर गेलो. चारुशीला छत्रीखाली, मी तिच्याशेजारी. सुरुवातीआधी वसंत एकटाच गाडी पळवून, ब्रेक दाबून, पुन्हा पळवून परत येत होता. आजूबाजूचे लोक पाहत होते. मी त्यांना समजावून सांगितले, की हे लायनर कडक आहेत, थंड असताना धरत नाहीत, तापले की बरोबर थांबतात, आणि हे सगळे मला कसे ठाऊक. मग बाजेचे सांगितले. मग कुरडयांचे. ऊन चढले तशी माझी गोष्टही चढली. शर्यत कधी सुरू झाली आणि वसंत शेवटून दुसरा कधी आला, मला कळलेच नाही. शीळ ऐकू आली, तेव्हा वळून पाहिले.

आमचे हे जवळच डबा उघडून बसले होते. लोक हळूहळू पांगले, तसे ते घास चावत म्हणाले, "लायनर बरे, इंदू. तापल्यावर थांबतात तरी."